बोंदरे मॅडमनी शिकवलेला सूड

फोन आला तेव्हा मी तुमसरच्या कोर्टात होते. धानाचे दिवस. राईस मिल्स जोरात सुरू असल्या की कोंड्याची बारीक धूळ गावभर उडते, काळ्या कोटावर बसते आणि झटकली तरी जात नाही. माझ्या प्रकरणाचा पुकारा व्हायचा होता. फोनवर रामदासभाऊ होते, बोंदरे मॅडमचे थोरले भाऊ, चिखल्याहून. “माधुरी… शैला गेली वो,” एवढंच ते बोलले. मी “हाव जी” म्हणाले आणि फोन ठेवला. आत जाऊन पुढची तारीख घेतली, अशिलाला समजावून सांगितलं, बाहेर येऊन पायरीवर बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. ज्या आजाराने त्यांना नेलं त्याच्यावर नाही, तर त्यांच्या जाण्याने जी माणसं मोकळी झाली त्यांच्यावर. त्या दुपारी भंडाऱ्यात कुणी कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, ते मला त्या पायरीवर बसून नावानिशी सांगता आलं असतं.

मृत्यूनंतरच्या लेखात राग आणू नये असा शिरस्ता आहे. पण ॲडव्होकेट शैला बोंदरे यांच्यातून राग वजा केला तर मागे उरते ती वेगळीच कुणी बाई, आणि त्या बाईला मी ओळखत नाही. कॉलेजातल्या मुलामुलींना कायद्याचा सल्ला देणं हे त्यांनी आयुष्यभर केलं. कुणाचं हॉलतिकीट अडवलेलं, कुणाला वर्गातून काढलेलं, कुणाला परीक्षेला बसू दिलेलं नाही. ही कामं त्या दयेपोटी करत नव्हत्या. “दया कराले देवळं आहेत,” असं म्हणायच्या.

शेवटची भेट नागपूरच्या दवाखान्यात झाली. खांद्याची हाडं वर आलेली, आवाज बसलेला. मी विचारलं, “कसं वाटून राहिलं मॅडम?” त्यांनी हात हलवून तो प्रश्नच उडवून लावला. “माई तब्येत डॉक्टर पाहून राहिला. तू मले त्या पवनीच्या पोट्ट्याचं सांग. हॉलतिकीट भेटलं का?”

“भेटलं.”

“हातात भेटलं का नुसतं देतो म्हणाले?”

“हातात भेटलं मॅडम. पेपरही झाला.”

तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. पण थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, “प्राचार्य आला होता मले पाहाले. सफरचंद घेऊन.” हे प्राचार्य म्हणजे ज्यांनी मॅडमना कॉलेजातून बाहेर काढलं ते. मी विचारलं, मग काय केलं? “सिस्टरले सांगितलं, या माणसाले मी ओळखत नाही. बाहेर बसवा.” आणि त्या हसल्या… हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि त्या खोकता खोकताही हसत होत्या.

माझी त्यांची ओळख झाली ती मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना. घर आसगावचं, तलावाखालची धानाची शेती, घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. भंडाऱ्यात मुलींच्या वसतिगृहात राहायची. आमचे विभागप्रमुख मुलींना प्रोजेक्ट तपासायला घरी बोलवत. बायको माहेरी असली की बोलवत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला बोलावलं तेव्हा मी नाही म्हटलं. वर्गासमोर म्हटलं, “सर, प्रोजेक्ट इथेच पाहा ना.” मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तेवढंच झालं. परीक्षेत शेवटचा पेपर संपत आला असताना ते माझ्या बाकापाशी आले, खाली वाकले आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. “ही काय आहे?” असं त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं. मला बाहेर नेलं, एका छापील कागदावर सही घेतली. सही केली नाही तर पोलीस बोलावतो म्हणाले. मी सही केली. माझ्यावर कॉपी केस झाली. वर्षभराचे सगळे पेपर रद्द होतील असं सगळे सांगू लागले. बाबा मला न्यायला आले. माझी पेटी उचलून खांद्यावर घेतली.

वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली, सायकल स्टँडच्या बाजूला एक वकीलीण बसते, जाऊन तर पाहा. कॉलेजने विधी सल्ला केंद्र म्हणून एक खोली दिली होती, तिथे बोंदरे मॅडम आठवड्यातून दोनदा कोर्टातून येऊन बसत. मी बाबांना घेऊन गेले आणि दारातच रडायला लागले.

“रडाचं काम घरी. इथं सांगाचं काम,” त्या म्हणाल्या. “तुले कॉपी करताना धरलं?”

“मी केलीच नाही मॅडम.”

“ते नाही विचारलं मी. चिठ्ठी कोणत्या प्रश्नाची होती?”

“माहीत नाही. मले दाखवलीच नाही.”

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा दाराबाहेर चपला काढून उभे होते. “भाऊ, चपला घाला आणि आत या. हे काय देऊळ नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “ज्या चिठ्ठीवरून तुयं वर्ष चाललं, ती चिठ्ठी तू पाह्यली नाही. आधी ती पाहून येऊ. मग रडाचं का नाही ते ठरवू.”

पुरावा दाखवावा म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्ज करवला. कॉलेजने टाळाटाळ केली. मॅडमनी दुसरा अर्ज करवला, तिसरा करवला, आणि शेवटी चिठ्ठी आणि माझी उत्तरपत्रिका दोन्ही मला दाखवावी लागली. मी परत येऊन सांगितलं की चिठ्ठीतलं उत्तर अमुक प्रश्नाचं आहे. “तो प्रश्न तू सोडवला होता?” नाही, मी म्हटलं, त्या प्रश्नाला पर्याय होता, मला तो धडा येत नव्हता म्हणून मी दुसरा सोडवला, आणि तो पूर्ण लिहून झाला होता. मॅडम खुर्चीत मागे रेलून इतक्या मोठ्याने हसल्या की सायकल स्टँडवरची मुलं डोकावली. “गधा आहे! पेपर पाहून चिठ्ठी बनवली, पण तुयी उत्तरपत्रिका नाही पाह्यली त्यानं.”

मला वाटलं, आता या समितीसमोर जाऊन हे सांगतील आणि मी सुटेन. पण चौकशी समितीसमोर वकिलाला बोलता येत नव्हतं. आरोप ज्याच्यावर आहे त्यानेच बोलायचं. मी म्हटलं, मला जमणार नाही, सरांसमोर माझं तोंडच उघडत नाही. त्यांनी काही समजूत घातली नाही. उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, पायावर पाय टाकून बसल्या, नाकावर चष्मा ओढला आणि आमच्या विभागप्रमुखांसारख्या बोलू लागल्या. “काय गं? तुझी हिंमत कशी झाली?” हुबेहूब तोच आवाज. “विचार मले,” त्या मध्येच आपल्या बोलीत म्हणाल्या. “चिठ्ठी कोणत्या प्रश्नाची होती, हे विचार. लहान प्रश्न विचाराचा. मोठा प्रश्न विचारला का त्याले पळाले रस्ता भेटते.” मी पुटपुटले. “ऐकू नाही आलं.” पुन्हा विचारलं. “अजून नाही आलं. आसगावले बांधावरून बापाले जेवाले हाक मारते का नाही? तशी विचार.” बाबा भिंतीला टेकून उभे होते. माझा आवाज शेवटी जेव्हा त्या खोलीत घुमला तेव्हा ते दचकले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

चौकशी नागपूरला विद्यापीठात होती. मॅडम बाहेर बाकावर बसून राहिल्या, कागदाच्या पुडीतले उकडलेले शिंगाडे सोलत. आत समितीची माणसं आणि समोर विभागप्रमुख, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांनी माझ्याबद्दल बरंच सांगितलं, की मुलगी मुळात अभ्यासात कच्ची आहे, स्वभावाने उद्धट आहे. मग अध्यक्षांनी मला विचारलं, काही विचारायचं आहे का.

“सर, चिठ्ठी कोणत्या प्रश्नाची होती?” मी विचारलं. त्यांनी सांगितलं.

“तो प्रश्न मी सोडवला होता का?”

“सोडवतच होतीस. तेव्हाच पकडलं.”

“उत्तरपत्रिकेत दाखवा सर.”

त्यांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि पानं उलटायला सुरुवात केली. शेवटापर्यंत गेले, परत पहिल्या पानावर आले. त्यांच्या बोटांना घाम आला होता, पानं चिकटत होती. मी ते पाहत होते. मला थांबवून कुणी सांगितलं असतं की पोरी बस झालं, तरी मी नजर हटवली नसती. “त्याच्या पर्यायी प्रश्नाचं उत्तर मी पूर्ण लिहिलेलं आहे सर,” मी म्हटलं. “मग ती चिठ्ठी मला कशाला लागत होती?” अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी एक शेवटचा प्रश्न सांगून ठेवला होता. त्याचं उत्तर मिळो न मिळो, फक्त विचारून यायचं, अशी ताकीद होती. “परीक्षेच्या आधी मी प्रोजेक्ट घेऊन तुमच्या घरी यायला नाही म्हटलं होतं, ते तुम्हाला आठवतं का सर?”

निकाल माझ्या बाजूने लागला. बाबा मॅडमच्या पाया पडायला वाकले तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या. “पाया नोको पडू भाऊ. पोरीले पुढं शिकवा. हिले घरी बसवली त तो जिंकला, मी सांगून ठेवतो.”

त्या दिवशी परतीच्या एसटीत बाबा पुढच्या बाकावर झोपले होते आणि मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, “मॅडम, झालं एकदाचं. न्याय मिळाला.” त्यांनी मान फिरवली. “तू सुटली. न्याय त कागदावर लिवाचा शब्द आहे. मले सूड पायजे.” मग त्यांनी रामदासभाऊंची गोष्ट सांगितली. वडील चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, कॉलनीतल्या दोन खोल्यांत सगळे राहायचे. थोरला रामदास हुशार, तंत्रनिकेतनात नंबर लागला, वसतिगृहात राहायला गेला. तिथे कुणाचं तरी घड्याळ चोरीला गेलं. रेक्टरने रामदासचं सामान बाहेर ठेवलं. खाणकामगाराचा मुलगा, त्यानेच घेतलं असणार. कुणी त्याला विचारलं नाही की तू घेतलं का. तो पेटी घेऊन बसने घरी आला आणि काही दिवसांनी बापाबरोबर खाणीत उतरला. शैला तेव्हा शाळेत होत्या. “त्या दिवशीच ठरवलं का वकील व्हाचं आणि त्या रेक्टरले कोर्टात उभं कराचं. वकील झाली तव्हा त्याले शोधत गेली. त मरून गेलता तो… म्हातारा होऊन, आपल्या घरात, नातवंडाच्या मांडीवर पाणी पिऊन.” हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता, दुःखाने नाही. “माया हातून सुटला तो. आता दुसरा कोणी सुटाले नोको.”

माझ्या चौकशीनंतर प्राचार्यांनी विभागप्रमुखांना काही केलं नाही. नुसती समज दिली म्हणे. केलं ते मॅडमना. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी जागा लागते असं सांगून केंद्राच्या खोलीला कुलूप लावलं, आणि कॉलेजची बदनामी करणाऱ्या व्यक्तीला आवारात येऊ देऊ नये अशी सूचना फाटकावरच्या चौकीदाराला दिली. मॅडम पुढच्या ठरल्या वारी आल्या, कुलूप पाहिलं, परत वळल्या आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या. टपरीवाल्याच्या बाकावर फायली मांडल्या. तेव्हापासून सल्ला केंद्र तिथे सुरू झालं ते मॅडम आजारी पडेपर्यंत तिथेच होतं. मुलं आधी घाबरत, मग रांग लागू लागली. आवारातून फाटकाकडे बघितलं की बाकावरच्या मॅडम दिसत, आणि प्राचार्यांच्या केबिनची खिडकी नेमकी फाटकाकडे होती. “त्यानं पडदा लावून घेतला,” एकदा त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितलं. “उन्हाळ्यातही लावूनच बसते.”

विभागप्रमुखांवरचा सूड त्यांनी वर्षानुवर्षं शिजवला. ज्या मुलींना त्या घरी बोलावण्याचा त्रास झाला होता त्या एव्हाना लग्न होऊन गावोगावी गेल्या होत्या. मॅडम एकेकीला शोधत एसटीने जात. मी तोवर रसायनशास्त्र सोडून कायद्याला प्रवेश घेतला होता, सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असे. कुणी दार लावून घेतलं. कुणी चहा पाजला आणि विषय काढू दिला नाही. तुमसरजवळच्या एका घरी सासू समोर बसून राहिली होती, म्हणून मॅडम दोन तास नुसत्या धानाच्या भावावर बोलल्या आणि निघताना त्या मुलीच्या हातात आपलं कार्ड सरकवून आल्या. तीच मुलगी पुढे सगळ्यांत आधी उभी राहिली. एकीमागून एक अशा काहीजणी तयार झाल्या, त्यात मी होतेच. तक्रार झाली, समित्या झाल्या, त्यांनी वर अपील केलं, आम्ही त्यांच्या मागोमाग वर गेलो, आणि अखेर त्यांना सेवेतून बडतर्फ करण्याचा आदेश झाला. तोवर त्यांची निवृत्ती आली होती. कॉलेजने निरोप समारंभाची पत्रिका छापली होती, आवारात मांडव पडला होता.

आदेशाची प्रत मॅडमच्या हातात काही दिवस आधीच आली होती. कॉलेजला ती ठरलेल्या मुदतीत पोचवायची होती. त्यांनी ती मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोचवली, आणि तो दिवस समारंभाचा होता. त्या दिवशी मॅडमनी मोरपंखी रंगाची रेशमी साडी नेसली, केसात गजरा माळला. मी त्यांना गजरा घातलेलं तेवढंच एकदा पाहिलं. आदेश देऊन त्या टपरीवर आल्या, दोघींसाठी तर्रीपोहे सांगितले आणि आम्ही समोर बघत बसलो. आधी लाऊडस्पीकर बंद झाला. मग मांडववाले खुर्च्या गोळा करू लागले. फुलांच्या माळा उतरवल्या. मॅडम चवीने खात होत्या. मला खरं सांगायचं तर त्या पोह्यांची चव अजून आठवते, इतके चांगले पोहे मी पुन्हा खाल्ले नाहीत. मग एक ऑटो आला. त्यातून विभागप्रमुखांची बायको आणि लग्नाची मुलगी उतरली, दोघी नटून आलेल्या. चौकीदाराने त्यांना काहीतरी सांगितलं. मुलगी आवाराकडे बघत उभीच राहिली. आईने तिला हाताला धरून परत ऑटोत बसवलं. मॅडमनी हातातली प्लेट खाली ठेवली.

“वाईट वाटलं का मॅडम?” मी विचारलं.

“त्या पोरीचं वाटलं,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाही वाटलं.”

तो माणूस अजून भंडाऱ्यातच राहतो. मी समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी कधी ओलांडत नाही.

मॅडम गेल्यानंतर कॉलेजने शोकसभा घेतली. मला निमंत्रण आलं. मॅडमचा फोटो मोठा करून लावला होता, आणि त्याला हार घालायला प्राचार्य पुढे झाले. डोळे पुसत ते बोलले की बोंदरे मॅडम आमच्या परिवारातल्याच होत्या, विद्यार्थ्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, आमच्या महाविद्यालयाशी त्यांचं नातं अखेरपर्यंत अतूट राहिलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मग त्यांनी मॅडमची लाडकी शिष्या म्हणून मला बोलायला बोलावलं. मी काही ठरवून गेले नव्हते. माईकपाशी गेले आणि म्हटलं, “बोंदरे मॅडमच्या केंद्राला ज्यांनी कुलूप लावलं, ज्यांनी त्यांना फाटकाच्या आत येऊ दिलं नाही, ते हेच प्राचार्य. मॅडम दवाखान्यात होत्या तेव्हा यांना त्यांनी खोलीत येऊ दिलं नाही. एवढंच सांगायचं होतं.” आणि खाली उतरले. प्राचार्य मात्र कच्चे नव्हते. माईकवर येऊन ते हळवेपणाने म्हणाले, “भावना अनावर होतात अशा वेळी. आपण समजू शकतो.”

सभा संपल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये चहाला बोलावलं. ती खोली पुन्हा उघडायची आहे म्हणाले, मॅडमचं नाव द्यायचं आहे, आणि तिथे सल्लागार म्हणून तुम्ही यावं अशी संस्थेची इच्छा आहे. मला लगेच कळलं. बाहेर टपरीवर बसलेली बोंदरेंची शिष्या त्यांना परवडणार नव्हती. आत, त्यांच्या छताखाली बसलेली परवडणार होती. “विचार करून सांगते,” म्हणून मी उठले. मनातून नकार पक्का होता. त्यांच्या तोंडावर नकार फेकायचा आणि टपरीच्या बाकावर जाऊन बसायचं, याच्याइतकं गोड दुसरं काय असणार होतं!

तेरावीला चिखल्याला गेले. जेवणं झाली, माणसं पांगली, रामदासभाऊ आणि मी कॉलनीतल्या घराच्या ओट्यावर बसलो. आयुष्य खाणीत काढलेला माणूस, आता निवृत्त, छातीत घरघर. मी त्यांना सगळं सांगितलं, शोकसभेचं, खोलीचं, माझ्या नकाराचंही. “मॅडमनी जे तुमच्यासाठी सुरू केलं ते मी सोडणार नाही,” असं काहीतरी मोठं बोलून गेले.

“मी ते कव्हाच सोडून देल्लं होतं, पोरी,” ते म्हणाले. “खाणीत उतरला का वरचं काही ध्यानात राहत नाही. लगन झालं, पोरं झाले. पण शैलाच्या डोक्यात मी त्या बसमधून कधी उतरलोच नाही… पेटी घेऊन तसाच उभा. वसतिगृहात मले कोणी विचारलं नाही का तू घड्याळ घेतलं का. आणि शैलानंही कधी विचारलं नाही का दादा, तुले सूड पायजे का.”

मला त्यांचाही राग आला, हे लिहायला हवं. ज्या बाईने भावाच्या अपमानासाठी संसार केला नाही, तिच्या तेरावीला भावाने हे बोलावं? मी तसं म्हटलंही. “तुमच्यामुळे मी शिकले भाऊ. तुमच्या त्या पेटीमुळे.”

“तू शिकली ते बेस झालं,” ते म्हणाले. “ते मी नोको नाही म्हणत. पण आता माया नावानं काही नोको करू. शैलाच्याही नावानं नोको करू. कराचं असन त तुया नावानं कर. म्हंजे थकली त थांबता तरी येईन. शैलाले थांबता नाही आलं.”

परत येताना बसमध्ये मी त्यांच्या बोलण्यावर चिडत राहिले. तुमसर आलं, गेलं, आणि भंडारा जवळ आलं तेव्हा लक्षात आलं की माझा नकार मॅडमचा होता. टपरी त्यांची, फाटक त्यांचं, प्राचार्यांनी पडदा ओढून घेणं हा आनंद त्यांचा. मला काय हवं होतं? मला ते आवारच हवं होतं, आत बसून लढायला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला होकार कळवला. अट एकच घातली, की केंद्राला मॅडमचं नाव देऊ नये. ज्यांनी त्यांना बाहेर काढलं त्यांना त्यांच्या नावाची पाटी लावून पुण्य मिळवू द्यायचं नव्हतं. प्राचार्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी मान्य केलं. मी वठणीवर आले असं त्यांना वाटलं असावं.

खोली उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एक मुलगी आली. तिने दोन महिन्यांपूर्वी एका प्राध्यापकाविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. ती तक्रार समितीकडे पाठवणं प्राचार्यांवर बंधनकारक होतं. त्यांनी ती पाठवली नाही, दाबून ठेवली, आणि उलट तिच्या वडिलांना बोलावून तक्रार मागे घ्यायला सांगितलं. मुलगी बोलताना रडली. मी तिला रडू दिलं, मग एकेक गोष्ट विचारून घेतली. तिच्याकडून पक्कं करून घेतलं की हे तिला स्वतःला हवं आहे, माझ्यासाठी नाही. “मले पायजे मॅडम,” ती म्हणाली. “बाबांले त्यांनी हात जोडाले लावले.” मला तेवढं पुरे होतं. मी प्राचार्यांच्या नावे नोटीस तयार केली. त्यांच्याच कॉलेजच्या टेबलावर बसून लिहिली, खाली माझी सही केली आणि कोट चढवून स्वतः त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

त्यांनी वाचली. पहिल्या ओळींना हसू होतं, मग ते गेलं. मी उभीच होते. एवढ्या वर्षांनी तो चेहरा असा समोर, हाताच्या अंतरावर उतरताना बघायला मिळत होता, आणि मी तो पूर्ण बघून घेतला. त्यांनी कागद खाली ठेवला. “आम्ही तुम्हाला सन्मानाने आत बोलावलं,” ते म्हणाले. “बोंदरे मॅडम असत्या तर त्या आधी येऊन बोलल्या असत्या. असं नसतं केलं.”

“मॅडम असत्या तर ही नोटीस तुम्हाला गेल्याच महिन्यात मिळाली असती,” मी म्हटलं. “पोच द्या, सर.”

आवक लिपिकाकडे द्या, ते म्हणाले. मी म्हटलं, नोटीस तुमच्या नावे आहे. उद्या या, ते म्हणाले. एका मीटिंगला जायचं आहे, ते म्हणाले. आपल्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय बोंदरे मॅडम कुठल्याही कार्यालयातून बाहेर पडायच्या नाहीत. बाबूंची जेवणाची सुट्टी होऊन जायची, पंखे बंद व्हायचे, तरी त्या समोर बसून राहायच्या, आणि कितीदा तरी मीही त्यांच्या बाजूला कंटाळून बसलेली असायचे. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. फाटकाकडच्या खिडकीला पडदा होता, दुपारचं ऊन त्यातून गाळून येत होतं. बाहेर मुलांचा तास सुटला, आवाज वाढला, कमी झाला. मीटिंगला जायचं होतं ते प्राचार्य काही उठले नाहीत. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं.